चार नंबर

पक्षी काल रात्रीच फ्रीझरमधून काढला.
वर्षातले दहा महिने तो वाटाण्यांच्या पाकिटाखाली असतो,
एका लाकडाच्या ट्रकखाली आलेला, वांगारेईच्या रस्त्यावर.
सकाळपर्यंत मऊ पडला. लांब चोचीच्या टोकाला पाण्याचा थेंब.
मानुकाच्या झुडपाखाली ठेवला मी त्याला,
वर नेच्याची पानं, शेजारी चमचाभर खरी शीट,
आणि पायवाटेवर येऊन उभी राहिले,
गळ्यात रिमोट.

आज नऊ कुत्री. बहुतेक डुकरांमागची,
कान फाटलेली, मिठी मारली तर चिखल लागेल अशी.
मालक येतो तो आधी विचारतो, दुखतं का?
मग मी कॉलर स्वतःच्या मनगटावर धरते,
चार नंबर दाबते
आणि हसून दाखवते.
अकरा वर्षं झाली. मनगट अजून
बटण दाबायच्या आधीच दचकतं.

पारातेनेच्या कुत्र्याचं नाव गमबूट.
पारातेनेनं सोबत आत्यालाही आणलंय,
रीपेका, वय चौऱ्याऐंशी, पिकअपच्या पुढच्या सीटवर,
काच अर्धी खाली, मांडीवर थर्मास.
"हिला घरी एकटीला बरं वाटत नाही," तो म्हणाला.
"मला घरी एकटीलाच बरं वाटतं," ती म्हणाली.

मी नेहमीचं सांगितलं:
किवीला उडायचं नसतं, म्हणून छातीत भक्कम हाड नाही.
कुत्र्यानं लाडानं तोंडात धरला तरी
आतलं सगळं चुरगळतं. राग लागत नाही त्याला मारायला.
आणि बटण दाबायचं ते नाक पक्ष्याला भिडतं त्याच क्षणी,
आधी नाही, नंतर नाही.
कुत्र्याला वाटलं पाहिजे, हे पक्ष्यानं केलं.
सगळी विद्या एवढीच आहे बघा,
माझा हात दिसता कामा नये.

गमबूट आला. शेपूट ताठ, नाक जमिनीला शिवलेलं.
नेच्याचं पान हललं.
दाबलं.

तो ओरडला ते मी लिहीत नाही.
सरळ पारातेनेच्या दोन पायांत शिरला
आणि तिथून मागे वळून बघत राहिला,
माझ्याकडे नाही. झुडपाकडे.

"आमच्या बाईंचा हात दिसायचा,"
काचेआडून रीपेका म्हणाली.
"चामडी पट्टा होता त्यांचा. मी पाणी मागितलं.
आमच्या शब्दात मागितलं, एवढंच."
थर्मासचं झाकण तिनं उघडलं, पुन्हा लावलं.
"सात पोरं वाढवली. सातही इंग्रजीत."

पारातेने मंगळवारी संध्याकाळच्या वर्गाला जातो, मला ठाऊक आहे,
वहीत शब्द लिहून आणतो, आत्याला विचारतो.
आत्ताही विचारलं त्यानं, आत्या, पिसाला काय म्हणायचं?
तिनं पलीकडच्या खिडकीतून बाहेर बघितलं.
तिकडे काही नव्हतं. तार होती कुंपणाची.

दुसरी फेरी, दोरीशिवाय.
गमबूटनं लांबूनच वास घेतला
आणि केवढा मोठा वळसा घातला त्यानं,
काटेरी झुडपांतून, ओढ्यातून, पोट भिजवत,
घाबरलाय असं वाटलंही नसतं कुणाला.
जणू तिकडे कधी वाटच नव्हती.

शिक्का मारला मी. पुढच्या वर्षी परत आणा, म्हटलं,
काही कुत्री विसरतात.
"विसरतात?" रीपेकानं विचारलं.
काही, म्हटलं.

तेव्हा ती उतरली. पारातेनेनं हात दिला, तो घेतला नाही.
ओल्या गवतातून घरच्या सपाता घालून
झुडपापर्यंत गेली, कमरेत वाकली,
पक्ष्याच्या पाठीवर दोन बोटं फिरवली,
पिसं कसली, केसच ते, जुन्या घोंगडीसारखे.
तिचे ओठ हलले.
शब्द असेल, नाहीतर थंडी असेल,
मी वीस पावलांवर होते.

माझा अंगठा बटणावर होता, हे मला तेव्हा कळलं.

काढला.
रांगेत अजून सहा कुत्री होती.