भरतीच्या वेळी पेज

बांबोळीच्या इस्पितळात, तळमजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत
बाबांना खुर्चीत बसवलंय, पट्ट्याने बांधून.
पडद्यावर त्यांचा गळा: राखाडी,
मागे मणक्यांची उतरंड, पुढे जबडा.
चमचाभर पांढरं, खडू कालवल्यासारखं पाणी.
"गिळा, पुंडलीकबाब," सेवेरिना म्हणते.

मी त्रेचाळीस वर्षांची आहे
आणि घास कुठून जातो ते आज बघते.

जीभ मागे रेलते.
मऊ टाळू उठून नाकाची वाट बुजवतो.
श्वास थांबतो, कुणी न सांगता,
फेरीबोट धक्क्याला लागताना
माणसं आपसूक मागे सरतात तसा.
मग जिभेच्या मुळाशी एक हाड हलतं,
नालाच्या आकाराचं,
अंगातल्या दुसऱ्या कुठल्याच हाडाला न टेकलेलं,
नुसत्या स्नायूंवर तरंगणारं.
ते स्वरयंत्राला बखोटीला धरून वर ओढतं, थोडं पुढे,
आणि झाकण लवतं.
खाली स्वरतंतू मिटतात. दाराआड दार.
सेकंदभराचं काम,
दिवसातून शेकडो वेळा, झोपेतसुद्धा.

बाबांचं झाकण लवतं, पण उशिरा.
केसाएवढी एक पांढरी तार
अन्ननलिका सोडून
श्वासाच्या बाजूने खाली उतरते.
मी ठसक्याची वाट बघते.
ठसका येत नाही.
"हेच वाईट," सेवेरिना म्हणते. "चुकतं, आणि कळत नाही."

मडकईच्या खाजनात बाबांनी एकतीस वर्षं मानस राखली.
भरतीला नदीच फळ्या लोटून मिटवायची,
ओहोटीला शेतातलं पाणी त्याच फळ्या उघडून जायचं,
तरी ते रात्री कंदील घेऊन निघायचे.
"दार आपलं आपण मिटतं, बाय.
पण फळीत काटकी अडकली
तर सकाळी कोरगुटाचं मिठागर."

मी सेवेरिनाला म्हटलं, मानशीसारखंच की हे.
तिच्या आजोळीही मानस होती, चिंचोण्याला.
ती जरा थांबली. "नाही गं. तिथं पाणी दाराला ढकलतं.
इथं अख्खी चौकटच उचलून
दाराखाली न्यावी लागते.
आणि उचलणारा स्नायू झटक्यानंतर थकलाय."

घरी कागद आणला. भिंतीला लावला, दिनदर्शिकेच्या शेजारी.
पेज दाट. हनुवटी छातीकडे. एका घासाला दोनदा गिळणं.
पाणी नाही.
पाण्यात भुकटी घालून, मधासारखं झालं तरच.
बाबांनी ते दोनदा वाचलं
आणि खिडकीतून बांधाकडे बघत राहिले.
जन्मभर ज्याला दारात अडवलं
ते आता वाटीभरसुद्धा आत येऊ द्यायचं नाही.

ज्या वर्षी पावणीत त्यांचं नाव खोडलं
त्या वर्षीही ते असेच बघत होते.
आई म्हणाली होती, बोला काहीतरी.
कंठाची गाठ वर गेली, खाली आली.
तेव्हा पडदा नव्हता. ते कुठल्या नळीत गेलं
कुणास ठाऊक.

आज पेज केलीय, उकड्या तांदळाची, घोटून,
त्यात खाराच्या आंब्याचा नुसता रस.
माझी दोन बोटं त्यांच्या गळ्यावर.
"हनुवटी खाली, बाबा."
गाठ बोटांखालून वर सरकते,
क्षणभर वर थांबते, माझाही श्वास थांबतो,
उतरते.
"आता परत. रिकामंच."
नाकं मुरडतात, पण गिळतात.

अकराव्या चमच्याला ठसका.
केवढा मोठा! पडवीवरचा कावळा उडाला,
डोळ्यांतून पाणी, वाटी माझ्या मांडीवर उपडी,
आणि मी वेड्यासारखी हसत पाठ चोळतेय.
ठसका लागला की आई विचारायची तेच
तोंडातून निघून गेलं:
"कोण आठवण काढतंय?"

त्यांनी टॉवेलने तोंड पुसलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
"भरती," म्हणाले,
घोगऱ्या, ओल्या आवाजात.
"आज सव्वाअकराला आहे."

मी वाटी भरायला उठले.