सहा भाग

विग तमाशाच्या पेटीतला होता, बाईचा.
पाटीवरची रेघ पुसावी तसा
दिगंबरनं मधला भांग बोटांनी मोडला
आणि म्हणाला, झालो हिप्पी. पुढं?

पुढं मला लिहायचं होतं.
साल नव्व्याण्णव, उदगीर, मुजीबभाईचं केबल,
बुधवारी रात्री साडेनऊ, लाईट असलीच तर.
मालिकेचं नाव 'बटा आणि बिड्या'.
प्रायोजक बोअरवेलवाले बिरादार बंधू.

गिटार गावात नव्हती.
मस्तान बँडवाल्याचं दोन तारांचं मेंडोलिन आणलं,
फुलाफुलांचे शर्ट रजईच्या खोळीतून बेतले,
आणि बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये
ऊद जाळून एवढा धूर केला
की वॉचमन बादली घेऊन धावत आला.
तो प्रसंग तसाच ठेवला.
सहाही भागांत तोच खरा बरा होता.

मी लिहिलं:
चार पोरं जग उलथवायला निघतात
आणि एस्टीच्या भाड्यासाठी बापाकडं हात पसरतात.
मुक्त प्रेमाचा ठराव चहावर मंजूर होतो,
सुलभा विचारते, मंजूर, पण पोरगा आपल्यातलाच ना?
मला वाटलं, लोक गडाबडा लोळतील.

लोक नुसते बघत बसले.
नक्कल करावी असं मूळ त्यांनी पाहिलं कुठं होतं?
साठच्या दशकात आमच्याकडं आली
पंचायत समितीची जीप
आणि देवी टोचणारा कंपाउंडर.
देवणीच्या एका म्हातारीनं नारळ पाठवला, वर सव्वा रुपया:
जटावाल्या बाबांना विचारा,
सुनेला दिवस कधी जातील.

थोरले बिरादार म्हणाले,
सहा पाइप खाली गेले, पाण्याचा पत्ता नाही.
मशीन उचला.

सातव्या बुधवारी दारात मन्मथअप्पा हुडगे.
भूमापनातून निवृत्त. डोक्यावर टोपी,
टोपीखाली काही नाही.
"आज लावूलाले नाहीत का?"
बंद झालं, आप्पा.
बसले. पाणी मागितलं, पण प्यायले नाहीत.
पिशवीतून सायक्लोस्टाइलचा गठ्ठा काढला:
'खरकटं', अनियतकालिक, अंक एक, दोन, तीन.
चौथा निघाला नाही.

वेरूळला सात महिने होते म्हणे, लेण्यांमागच्या एका मळ्यात,
एका डॅनिश पोरीबरोबर.
तिला भाकरी थापता येत होती, उलटता येत नव्हती.
वडिलांनी शोधून आणलं, हत्तीबेटाच्या पायथ्याशी न्हावी बसवला,
पंधरवड्यात नोकरी,
तुळशीचं लग्न झाल्यावर ह्यांचं.

मी म्हटलं, आप्पा, आम्ही तर टिंगल केली. राग नाही आला?
ते बराच वेळ पंख्याकडं बघत राहिले.
"एकच चुकलं तुमचं.
केस लई साफ होते त्याचे.
आम्हाला उवा होत्या."

कविता वाईट होत्या 'खरकटं'मधल्या.
मी वाचल्या.
दोनदा.

मास्टर कॅसेटवर मुजीबभाईनं
पुढच्या वैशाखात तोंडारच्या पाटलांचं लग्न उतरवलं.
परवा त्या घरची मंडळी ती घेऊन आली, मोबाइलवर करून द्या म्हणून.
सगळ्यांनी मिळून बघितली:
अक्षता, पंगत, रुसलेला मामा,
नवरी जीपमध्ये बसते,
जीप हलते, मग पट्टे, मग मुंग्या,
आणि मुंग्यांतून चार सेकंद दिगंबर,
गळ्यात मेंडोलिन, तोंड उघडलेलं, आवाज नाही.
मागं धुरात कुणीतरी बादली घेऊन पळत येतंय.

"हा कोण ओ?" नवरीच्या थोरल्या पोरीनं विचारलं.
कुणालाच सांगता येईना.
मीही वायर गुंडाळत बसलो.
शेवटी तिचा मामा म्हणाला,
"असंल. तुमच्या बापाकडचा कुणीतरी."