सराटे

मैदानावर आम्ही यायच्या आधी
यल्लय्या सर अनवाणी चालून जायचे.
या खांबापासून त्या खांबापर्यंत, मग आडवे,
मग पुन्हा, आम्ही बसायचो त्या आठही चौकोनांतून.
मी एकदाच फार लवकर पोचले, म्हणून कळलं.
कुंपणाच्या दगडावर बसून
ते तळव्यातले सराटे उपटत होते
आणि एकेक काडेपेटीत टाकत होते.
केसांत रातपाळीचा कापूस तसाच.
म्हणाले, "आलीस? मग पाणी मार."
मी पाणी मारलं. कुणाला सांगितलं नाही.
सांगण्यासारखं काय होतं त्यात?
आमच्या पूर्व भागात
प्रत्येक घरी पहाटे कुणीतरी काहीतरी निवडत असतं,
विडीची पानं, तांदूळ, तुटलेला धागा.

शिट्टी होती त्यांच्या गळ्यात, पण वाजायची नाही,
आतली गोळी कधीच हरवलेली.
कुणी पडलं की एकच शब्द:
"ले!"
तेलुगूत ते "ऊठ".
मुबीनाच्या घरी त्याचा अर्थ "घे".
शिवलीला बिराजदार कानडी,
तिला वाटायचं, सर "अगं" म्हणून हाक मारताहेत.
मला पहिल्या वर्षी यातली एकही भाषा येत नव्हती.
तरी मी उठायचे.

मुबीना कर्णधार.
आता खो-खोत कर्णधार दिसतो कुठं?
आठजणी उकिडव्या, एकीचं तोंड इकडं, एकीचं तिकडं,
आणि खो येतो तो पाठीमागून.
देणारीचा चेहरा दिसत नाही,
पाठीवर तळवा, कानात शब्द, एवढंच.
त्या तळव्यावरून ओळखायचो आम्ही:
हा घाबरलेला,
हा चिडलेला, मघाच्या चुकीचा राग माझ्या पाठीवर काढणारा,
हा मुबीनाचा.
तिचा खो लागला की
पुढची वाट मोकळी आहे का, हे बघायला लागायचं नाही.
तिनं बघितलेलं असायचं.

अंतिम सामना सांगलीला.
शेवटच्या डावात तिचा घोटा सुजून टम्म.
सर काही बोलायच्या आत तीच म्हणाली,
"हिला पाठवा."
ही म्हणजे मी. तीन वर्षं राखीव,
सगळ्यांच्या चपला सांभाळणारी, पाण्याची कळशी धरणारी.
मी बावीस सेकंद टिकले.
आम्ही एका गड्यानं हरलो.

रात्रीच्या एस.टी.त कुणी बोलेना.
सांगोल्याला कुणीतरी भजी आणली, तीही तशीच गार झाली.
मग मुबीना लंगडत येऊन माझ्या शेजारी बसली.
"जाऊ दे" म्हणाली नाही.
"तुझी चूक नाही" असंही नाही. चूक माझीच होती.
विचारलं,
"खांबापाशी ती झुकली ना,
तेव्हा तिचा भार कुठल्या पायावर होता?"
मंगळवेढा येईपर्यंत मी आठवत राहिले.
"उजव्या," म्हटलं.
"मग पुढच्या वेळी तू आधी वळ."
पुढच्या वेळी.
एवढं बोलून ती माझ्या खांद्यावर झोपली, चक्क घोरली.
माझा खांदा मुंगळ्या चावल्यासारखा झाला,
सोलापूर येईपर्यंत मी हलले नाही.

परवा सरांचा सत्कार झाला.
"नेतृत्व" हा शब्द चौदा वेळा आला. मी मोजला.
शाल नको म्हणाले होते, म्हणून चादर दिली,
मोराची, लाल काठाची.
सरांनी ती मंचावरच उलगडली, सवयीनं,
दिव्यासमोर धरली, काठावरून अंगठा फिरवला
आणि थांबले.
माइकमध्ये म्हणाले,
"ही आमच्याच कारखान्याची.
इथं एक धागा तुटलाय. माझ्या पाळीतला."
बसले जाऊन.

लोक खूप हसले. टाळ्याही पडल्या.
सरांचा अंगठा तिथंच होता, त्या धाग्यावर.
मुबीना पुढच्या रांगेत, लेकीला मांडीवर घेऊन.
ती हसली नाही.
मी मागं, दाराशी उभी.
चपलेत पाय नीट टेकत नव्हता,
सकाळचा एक सराटा
टाचेत राहून गेला होता.