खाली घाला

पहाटे साडेपाचला निघतो आम्ही, मी आणि कांडी.
त्याआधी मी डांबरावर उलटा हात टेकवतो
आणि मनात सातपर्यंत मोजतो.
रंगय्या कट्ट्यावरून बघत असतो.
"काय बे, रस्त्याला ताप आलाय का?"
आलाय. रात्रभर उतरलेला नाही.
हात टिकला तर चौकापर्यंत,
नाही टिकला तर मातीच्या कडेनं लिंबापर्यंत
आणि माघारी.

नाव मी ठेवलं.
कारखान्यामागे तुटक्या कांड्यांच्या ढिगात सापडली,
पांढरी, वीतभर, सूत गुंडाळल्यासारखी.
नऊ वर्षं झाली.
मधे मालक बदलला, माग भंगारात गेले,
मी घरी बसलो.
ती आधीपासूनच बसलेली होती.

विडी घरकुलात पाणी पाचव्या दिवशी येतं.
अंबुबाई घागरी मोजून ठेवते
आणि मोरीजवळची मातीची परात मोजत नाही.
"आपल्याला मागता येतं," म्हणते,
"हिला नुसतं बघता येतं."

गेल्या मे महिन्यातली गोष्ट.
लाईट गेलेली, पत्रा तडतडत होता.
मी हाक मारली तर कांडी उठली
आणि मागचे पाय ताणा तुटल्यासारखे
एकमेकांत गुंतले.
जीभ विटेसारखी लाल.
लाळ खळीसारखी घट्ट, हनुवटीला चिकटलेली.
डोळे माझ्याकडे, पण मी त्यांत नव्हतो.

तेहतीस वर्षं टॉवेल विणलेला माणूस,
काय करणार?
टॉवेल भिजवला.
डोक्यापासून शेपटीपर्यंत पांघरला,
कडा नीट दाबल्या,
गाठ मारायची तेवढी राहिली.

फोनवर हत्तुरेबाई ओरडल्या,
"अंगावरचा काढा आधी! आत वाफ कोंडते.
खाली घाला, खाली.
पोटाला, जांघेत, पंजांना पाणी लावा.
बर्फ नको, साधं पाणी.
वारा घाला. शुद्धीत असेल तरच प्यायला द्या.
आणि तशीच ओली घेऊन या, थांबू नका."

चौथा दिवस होता पाण्याचा.
अंबुबाईनं तिची घागर उचलली
आणि कांडीच्या पोटाखाली हळूहळू ओतली,
तेंदूच्या पानांवर शिंपडते तशी,
एकही थेंब वाया न घालवता.
मग मांडीवरचं सूप पालथं केलं.
तंबाखू, पानं, सकाळपासूनच्या सहाशे विड्या
फरशीभर.
आणि त्या सुपानं ती वारा घालत राहिली,
तेलुगूत काहीतरी पुटपुटत,
देवाला की कुत्रीला, कळलं नाही.

मौलालीनं रिक्षाचे दोन्ही पडदे सोडून फेकले.
सीट भिजेल म्हणालो तर म्हणाला,
"भिजू दे चाचा, मलाही गार बसायला मिळेल."

वाचली. चार दिवस सलाईन.
सलूनवाला पोपट अजून सांगतो, भादरून टाका तिला.
बाई म्हणाल्या, केस राहू द्या,
ऊन थेट कातडीला लागू नये म्हणून असतात ते.
म्हणून मी नुसता कंगवा फिरवतो, संध्याकाळी.
सुटलेले केस बोटांवर गुंडाळतो,
जुनी सवय.

विड्यांचा हिशेब अंबुबाईनं काढला नाही.
मी काढला. सांगितला नाही.

कधीकधी वाटतं,
इतके टॉवेल गेले माझ्या हातून,
कुठल्या कुठल्या गावच्या अंगांवर,
आणि गारवा खालून द्यायचा असतो
हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

आज चव्वेचाळीस.
शहाबादी फरशीवर ओला टॉवेल, त्यावर कांडी,
चारी पाय चार दिशांना.
तिच्या शेजारी मी, बनियन काढून, पोटावर,
गाल फरशीला.
तिचा श्वास मोजतो.
हळू आहे. ठीक आहे.

अंबुबाई दारात येते.
बघते, हसत नाही.
दुसरा टॉवेल भिजवते, पिळते,
माझ्या पलीकडे अंथरते.
"सरका," म्हणते.