मोठा फूट

ट्रस्टच्या फॉर्मवर शेवटचा रकाना :
‘उपक्रमामुळे आपल्या गल्लीत काय बदल झाला?’
उत्तराला जागा दोन बोटं.
मी पॅटर्नमेकर माणूस, दोन बोटांत
मला साधा बोल्टही बसवता येत नाही.
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहितोय.

उद्यमनगरात आमची गल्ली.
तिसऱ्या फाउंड्रीला कुलूप लागलं
तेव्हापासून सगळेच वार सोमवार.
दस्तगीरच्या लेथवर कबुतरांनी अंडी घातली,
चौगुल्यांच्या शेडात
भट्टीच्या तोंडाशी एरंड उगवला.
त्याच शेडात तीन महिने राहायला आली
रोशनी कोरेटी, गडचिरोलीकडची.
पोरगी इथं राहून करणार काय?
पारूताई म्हणाली, भिंतीवर मोर काढंल.
मोर काही आला नाही.

पहिला आठवडा नुसती चहाला बसली.
मग मोल्डिंगची वाळू मागितली.
मी बेंटोनाइट घालून मळून दिली,
मुठीत दाबली, मोडून बघितली,
कड स्वच्छ निघाली.
हात विसरले नव्हते.

आणि तिनं गल्लीच वाळूत दाबायला घेतली :
पारूताईच्या पायरीचा झिजलेला खळगा,
दस्तगीरच्या स्टुलाची बैठक,
कुलपं. सात कुलपं.
माझा बिननखाचा अंगठा.

म्हटलं, बाई, असं मापाला माप धरू नकोस,
बीड निवताना आकसतं.
कपाटातली माझी पट्टी काढून दिली,
जिचा फूट फुटाहून एक सूत मोठा.
तिनं उलटीपालटी करून बघितली.
म्हणजे आकसणं आधीच धरून चालायचं?
म्हटलं, व्हय. नाहीतर वस्तू जागेवर बसत न्हाई.
ती म्हणाली, मग ह्या वेळी नको बसू दे.
लहानच येऊ दे सगळं.
दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

ओतायच्या रात्री न बोलावता अकरा म्हातारे आले,
पेटीतले बूट घालून, तेल न लावता.
रस तयार झाला का, ह्यावर
रंग बघून तिघांचं भांडण जुंपलं.
ब्लोअरवर दस्तगीर. वीस वर्षांनी
कुणीतरी त्याच्यावर ओरडत होतं,
आणि तो हसत होता.

आता बदल.
कुलपं शेडच्या भिंतीवर आहेत, खरी आणि ओतीव,
जवळ जाऊन बघितल्याशिवाय फरक कळत नाही.
माझ्या अंगठ्याला पोरं दप्तर अडकवतात.
दस्तगीरला दोन कामं मिळाली, एकाचे पैसे बुडाले.
पुण्याचा कोणी कॅफेसाठी शेड बघून गेला,
चौगुल्यांनी भाडं दीडपट केलं,
आणि पारूताईला गोड बोलून विचारलं,
टपरी जरा पलीकडं घेता का.

रोशनी पट्टी घेऊन गेली.
मी परत मागितली नाही.

रकान्यात एवढंच लिहा :
फुटामागे एक सूत.
कमी की जास्त, ते मला अजून मोजता आलेलं नाही.

फॉर्म पारूताईच्या टपरीवर ठेवतोय.
टपरी जागेवर असली, तर मिळेल.