दहा किलोखालचं

सावद्याच्या शिवेवर, फैजपूर रोडला
माझा वजनकाटा आहे, साठ टनी.
ट्रक भरून येतो, आकडा लिहितो.
रिकामा येतो, आकडा लिहितो.
मधला फरक म्हणजे केळी.
बावीस वर्षं ह्या वजाबाकीवर जेवलो,
आणि बरा जेवलो.

काट्याला दहा किलोखालचं दिसत नाही.
ड्रायव्हरनं डबा खाल्ला की तसाच ठेवला,
त्याला दोन्ही सारखंच.
पाच किलोसाठी भांडायला येतो एखादा व्यापारी,
त्याला चहा पाजतो नि सांगतो,
भाऊ, एवढी तं टायरला माती असते.

मार्चमध्ये रेहाना तडवीनं
दंडाला रबरी पट्टा आवळला.
"काका, काही खाल्लं तर नाही?"
"नही."
"चहा?"
"पाणी. तेबी दोन घोट."
आदल्या दिवशी एकादशी होती,
म्हणजे साबुदाणा, भगर, दाण्याची आमटी,
वर केळी. केळी मोजायची आमच्याकडे रीत नाही.
पण ते सगळं दुपारी.
रात्री खरोखर काही नाही.
कागदावर आलं,
उपाशीपोटी एकशे शेहेचाळीस.

म्हटलं, पोरी, मशीन तपास.
आमच्या धंद्यात पहिला संशय मशीनवर.
रिकाम्या गाडीत माल आला कुठून?

डॉक्टर म्हणाले, यकृत.
रात्रभर तेच थोडी थोडी साखर सोडतं,
आणि पोटावर चरबी साठली
की "पुरे" म्हटलेलं त्याला ऐकू येत नाही.
सहा किलो उतरवा, मग बघू.
मी मान हलवली. समजलं काहीच नव्हतं.

समजलं त्या रात्री, भंगाळेंच्या कोल्ड स्टोरेजवर.
पावती द्यायला गेलो होतो.
चेंबरचं दार बंद, आत पंख्यांची घरघर,
दुपारी ठेवलेले घड हिरवे, दगडासारखे.
चार दिवसांनी हेच बाहेर निघतील पिवळे, गोड.
आत कोणी साखर घेऊन जात नाही.
अंधारात आपली आपणच होते.
दारावर हात ठेवून उभा राहिलो
आणि दुसरा हात, नकळत, पोटावर.

मग कुमुदनं घर उलटंपालटं केलं.
शेवभाजीवरची तर्री गेली, भात गेला,
कळण्याची भाकरी आली, अंबाडी आली,
भरितासोबतच्या पुऱ्यांचं तर नावच काढायचं नाही.
केळं अर्धं.
सावद्यात. अर्धं.
कोणाला सांगू नका.

पहाटे चालायला लागलो, बागांच्या कडेनं,
ठिबकच्या नळ्यांची टपटप ऐकत.
मे महिन्यात साडूच्या पोरीचं लग्न लागलं,
वरण-बट्टी, घोटलेली वांगी,
वाढणारा तुपाची धार काही थांबवेना,
आणि मीही थांब म्हणेना.
त्या आठवड्यात आकडा पुन्हा वर.
रेहाना काही बोलली नाही,
फक्त कापूस जरा जोरात दाबला.

पोळ्याच्या आधी आकडा आला एकशे बारा.
घरच्या काट्यावर चौऱ्याण्णवचे अठ्ठ्याऐंशी.
रात्री सगळ्या गाड्या गेल्यावर
मी एकटाच माझ्या साठ टनी काट्यावर जाऊन उभा राहिलो,
चप्पल काढून, देवळात उभं राहतात तसा.
खिडकीतून लाल आकडा दिसला: नव्वद.
मार्चमध्येही नव्वदच होता.

बावीस वर्षं ज्याच्या शब्दावर लोकांचे पैसे ठरवले,
त्याला माझं काहीच कळलं नव्हतं.
सुईच्या टोकावरल्या रक्ताला कळलं होतं.

परवा विवऱ्याचा एकजण पाच किलोवरून भांडायला आला.
दोघांसाठी चहा मागवला, बिनसाखरेचा.
त्यानं तोंड वाकडं केलं.
म्हटलं, खरं आहे तुझं.
पाच किलो म्हणजे लई झालं.
पाच किलो उतरवायला किती पहाटा लागतात,
ते मला विचार.

पावती मात्र त्याला होती तीच दिली.