पेज उतू येईपर्यंत

फॉर्मवर एकूण त्रेचाळीस प्रश्न.
सतरावा असा : मूल किती मिनिटं नजरेआड होतं?
पेडण्यापासून डिचोलीपर्यंत,
चिरे काढून तशाच सोडलेल्या खाणींच्या काठाने
मी तो नऊ घरांत विचारला.
प्रत्येक घराने आधी पाण्याचा तांब्या पुढे केला,
मग मान फिरवली.

डॉक्टर कुलासो बजावतात, 'अपघात' लिहू नकोस.
तो शब्द कागदावर ठेवलेला दगड आहे,
खालचं काही वाचू देत नाही.
काठाची उंची लिही. पाण्याची खोली. वार, वेळ.
जवळचं मोठं माणूस किती पावलांवर.

म्हणून मी दोरीला चिऱ्याचा तुकडा बांधून पाण्यात सोडते.
दर हाताला एक गाठ.
सातवी गाठ बुडते, आठवी माझ्या मुठीत राहते.
भिंतींवर करवतीच्या रेघा अजून ताज्या,
इतक्या सरळ की बेडूकसुद्धा फेरा घालून दुसऱ्या बाजूने चढतो.
या खड्ड्यातून काय काय निघालं, गावात दिसतंच :
शाळेची भिंत, देवळाची पायरी,
पंचायतीचं कुंपण.
पंचायतीला कुंपण आहे.

फॉर्म नंबर सहा, सुलक्षा हळर्णकर.
मुलगा साईश, चार वर्षं दोन महिने.
सासरे म्हणाले, त्या साली राखणदाराचा रोट चुकला.
मी ते 'इतर'मध्ये लिहिलं. पूर्ण लिहिलं.
राखणदार हातात काठी घेऊन रात्रभर शीव राखतो,
आणि शीव कुठे असायला हवी होती
हाच तर आमचाही विषय.

मग सतरावा.
ती चुलीकडे बघत म्हणाली,
"कितलो वेळ म्हण सांगू, बाय?
पेज उतून येयसर."

रकान्यात आकड्यांच्या दोन चौकटी.
त्या तशाच ठेवून मी उठले.

रात्री म्हापशाच्या खोलीत
उकडे तांदूळ धुऊन पातेल्यात घातले,
मोबाइलचं घड्याळ लावलं,
आणि कुठेही न बघता समोर बसून राहिले.
अकरा मिनिटं.
चूल नव्हती, म्हणून आच कमी करून पुन्हा.
चौदा.
तिसऱ्यांदा कंटाळून खिडकीशी गेले,
एक स्कूटर चढावर बंद पडलेली, तिला ढकलणारा माणूस,
वळून पाहिलं तर शेगडीभर पेज.
त्या वेळेचा आकडा माझ्याकडे नाही.

डॉक्टरांना विचारलं, काय भरू?
त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.
म्हणाल्या, प्रश्नच आपला चुकला.
पेज उतू येणारच. आई चुलीकडे जाणारच.
तेवढा वेळ मुलाला अडवून धरील असं
मधल्या वाटेवर काय होतं, ते विचार.

नऊ घरांत पुन्हा गेले.
नऊ वेळा लिहिलं : काही नाही.

आता तिथे बांबूचा कूड आहे, माझ्या खांद्याइतका,
फाटकाची कडी वरच्या अंगाला.
पैसे दोन संस्थांनी दिले, बांबू फुकट मिळाले,
पहिला खांब सुलक्षाच्या सासऱ्यांनी पुरला,
बुडाशी थोडा सुरो ओतून.
(तेही 'इतर'मध्ये.)

गेल्या रविवारी कूड मोजायला गेले,
तर पाचेक वर्षांचा एक मुलगा
चवड्यांवर उभा राहून कडीशी झटत होता.
बोटं वीतभर खाली.
चेंडू आत गेला होता.
कुणी घातलं हे असलं, म्हणत त्याने फाटकाला लाथ मारली,
मग मला बघून आणखी एक, जोरात.

फॉर्मचा पहिला प्रश्न नावाचा असतो.
मी त्याला नाव विचारलं नाही.
आत जाऊन चेंडू आणून दिला,
कडी लावली,
दोनदा हलवून पाहिली.